एल्कचं गोत्र
आमचे आप्पा लग्न जुळवताना पोटशाखा विचारत. अमेरिकन शिकारी एल्कची विचारतात. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा तिकडचा धिप्पाड भाऊबंद.

मेरियम नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने तिथल्या कायोटी कोल्ह्यांच्या जाती भरमसाट वाढवल्या, म्हणून १८९७ साली थिओडोर रूझवेल्टनी त्याच्यावर जाहीर टीका केली. त्याच वर्षी मेरियमने एल्कची एक नवी जात काढली आणि तिला नाव दिलं रूझवेल्टचंच! टीकाकाराचं तोंड गोड करायचा याहून सभ्य उपाय मला ठाऊक नाही.

रूझवेल्ट एल्क अंगाने भारी, शिंगं जाड. रॉकी पर्वतातला जरा हलका, शिंगं लांब. पण ओरेगॉनमध्ये विक्रम नोंदवताना बून अँड क्रॉकेट क्लब (१८८७ साली रूझवेल्टनींच काढलेला) शिंगांआधी ५ नंबरचा हमरस्ता बघतो. पश्चिमेला मारला तर रूझवेल्ट, पूर्वेला मारला तर रॉकीवाला. रस्ता ओलांडला की जात बदलली! आप्पांना हे पटलं नसतं.

अॅरिझोनातल्या एल्कला १९०२ साली मेरियमचं नाव मिळालं. तोवर बंदुकांनी काम उरकत आणलं होतं. थोड्याच वर्षांत तो संपला. बारशापाठोपाठ तेरावं! नावं ठेवायला माणसं पुष्कळ होती हो, जनावर राखायला कोणी नव्हतं.