हत्यारांचे चित्र आणि शुभेच्छापत्र

एखाद्या सुताराच्या वा लोहाराच्या वाढदिवशी घरच्या मंडळींनी जाड कागद दुमडून, त्यावर रंधा, करवत, हातोडा यांच्या आकृती कापून चिकटवाव्यात आणि खाली चार ममत्वाचे शब्द लिहावेत, हा उद्योग आज केवळ मुलांच्या हौसेत जमा होतो. परंतु त्याचे कूळ शोधू गेल्यास एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडच्या टपालखात्यापर्यंत आणि त्याच देशातील एका लोहाराच्या भट्टीपर्यंत जावे लागते.

१८४० पूर्वी तेथे पत्राचे हशील अंतरावर आणि कागदाच्या तावांवर ठरत असे व ते बहुधा पत्र घेणाराकडूनच वसूल होई. अशा अमलात निव्वळ सदिच्छेचा कागद धाडणे म्हणजे स्नेह्यालाच भुर्दंड होता. रोलंड हिल यांच्या योजनेनुसार त्या वर्षीच्या १० जानेवारीपासून अर्ध्या औंसाचे पत्र देशात कोठेही एका पेनीत जाऊ लागले, आणि या सुधारणेत हिल यांचे साहाय्यक असलेल्या हेन्री कोल यांनी १८४३ साली जॉन हॉर्स्ली या चित्रकाराकडून नाताळचे पत्र काढवून घेतले. शिळाछापावर रेषा छापून रंग मात्र हातांनी भरलेल्या त्या पत्राच्या सुमारे १००० प्रती निघाल्या. किंमत एक शिलिंग, म्हणजे मजुराच्या आवाक्याबाहेरची.

त्याच सुमारास प्रेमपत्रांसाठी कागदाची जाळी निघाली होती. ठशाखाली दाबून कागदाला उठाव आणावयाचा, मग उठून आलेली अंगे बारीक घासून काढावयाची, की मागे वस्त्राच्या झालरीसारखे विणकाम उरे. अमेरिकेतील वुस्टर गावच्या एस्थर हाउलंड यांनी असेच एक इंग्लिश पत्र पाहून १८४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस घरच्या घरी धंदा मांडला, आणि एकीने कापावे, दुसरीने चिकटवावे, तिसरीने सजवावे अशी कामाची वाटणी करून स्त्रियांच्या हातांना रोजगार दिला. मात्र या नाजूक पत्रांच्या दुनियेत फुले, पक्षी आणि पंखधारी बालके यांचेच राज्य होते. हातोड्याला तेथे शिरकाव नव्हता.

हातोड्याला चित्राचा मान स्वतः लोहाराने मिळवून दिला. हा लोहार जेम्स शार्पल्स १८२५ साली जन्मला व इंग्लंडमधील ‘बरी’ या गावी वाढला. अगदी लहान वयात तो ओतकामाच्या कारखान्यात लागला, आणि तेथे बॉयलरचे आराखडे जमिनीवर खडूने आखताना मुकादमाला मदत करता करता त्याला रेषेचा नाद जडला. मँचेस्टरहून एक नातेवाईक बाई येणार म्हणून आईने घर झाडूनपुसून लख्ख केले असता कारखान्यातून परतलेल्या या मुलाने, तोंडावरची काजळीही न धुता, त्याच स्वच्छ जमिनीवर एक मोठा बॉयलर आखावयास घेतला. आई पाहुणीसह दारात आली तेव्हा खजील झाली, पण पाहुणीने आराखडा वाखाणला आणि पोराला कागद-पेन्सिली घेऊन द्याव्यात असा सल्ला दिला. पुढे दिवसभर घण चालवून रात्री चित्रकला शिकणाऱ्या या कामगाराने ‘द फोर्ज’ हे भट्टीचे चित्र रंगविले व तेच चित्र पोलादी पत्र्यावर वर्षानुवर्षे, फावल्या वेळात, स्वतःच्या हातांनी कोरून काढले. सॅम्युअल स्माइल्स यांनी त्याची हकीकत आपल्या ‘सेल्फ-हेल्प’ या ग्रंथात नमूद केली आहे.

१८५१ साली यंत्रकारागिरांच्या निरनिराळ्या मंडळ्या एकवटून जो मोठा संघ झाला, त्याने सभासदत्वाच्या सनदेसाठी चित्राची स्पर्धा जाहीर केली आणि ती शार्पल्सने जिंकली. त्या चित्रात एका बाजूस युद्धदेव मार्स आपली मोडकी तलवार दुरुस्तीला आणतो आणि कारागीर ती नाकारतो. जेम्स वॅटसारख्या यंत्रशोधकांच्या प्रतिमाही तेथे आहेत. पुढच्याच वर्षी मालकांनी या संघाविरुद्ध कारखान्यांना टाळे ठोकले. त्या संघर्षात माघार घ्यावी लागूनही संघ टिकला, आणि आपले नाव लिहिलेली ती सनद चौकटीत बसवून कामगार बैठकीच्या खोलीत लावीत राहिले. मला वाटते, श्रमिकाच्या घरी त्याच्याच धंद्याचे चित्र मानाने पोहोचण्याची रीत पक्की करण्यात या सनदेचा वाटा फार मोठा आहे. कोल यांच्या नाताळच्या पत्रावर चितारलेल्या, मेजवानीत रमलेल्या कुटुंबापेक्षा तो लोहार आपल्या आजच्या घरगुती पत्राचा अधिक निकटचा पूर्वज होय.

शार्पल्सच्या भट्टीत खोटे काही नाही, कारण सांडस कोठे धरावी आणि घण कोणत्या खांद्यावरून उतरतो हे त्याच्या हाताला ठाऊक होते. बाजारातील छापील पत्रावरचा हातोडा मात्र कोणाचाच नसतो. खंडेनवमीला हत्यारे पुसून ओळीने मांडणाऱ्या आपल्या वाचकाला हा भेद सहज उमजेल. तेव्हा वडिलांसाठी वा काकांसाठी असे पत्र करावयाचे असेल, तर कात्री घेण्यापूर्वी त्यांचे हत्यार मागून घ्यावे, कागदावर ठेवून त्याची बाह्यरेषा पेन्सिलीने उतरवावी, आणि मुठीवर अंगठ्याने जो खळगा पडला असेल तो वगळू नये.