बाळंतपणाची रजा कोणाच्या खात्यावर?



आपल्या वसई-विरारमध्ये बाळंतपणाच्या रजेचा विषय आता घरोघरी निघतो. कुणाची सून चर्चगेटला बँकेत आहे, कुणाची मुलगी अंधेरीला सीएच्या ऑफिसात जाते. दुसरीकडे आपल्यातल्या अनेकींच्या घरी धंदा आहे. दुकान असेल, पेढी असेल, नाहीतर वालीव-सातिवलीकडे एखादा गाळा असेल, जिथे पॅकिंगला बायका येतात. म्हणजे रजा मागणारी आणि रजा देणारा एकाच घरात, एकाच पंगतीला जेवतात. सुनेला सहा महिन्यांची भरपगारी रजा मिळाली की आपण म्हणतो, "बरं झालं, बाळाला आई मिळाली." गाळ्यावरच्या बाईचा विषय निघाला की तोंडून येतं, "एवढं कसं परवडणार?"

हा परवडण्याचा प्रश्न जवळजवळ शंभर वर्षांचा आहे, आणि त्यावरचा पहिला कायदा आपल्या मुंबईतच झाला. आज त्याची गोष्ट.

शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या कापडगिरण्यांत हजारो बायका काम करत होत्या. कोकणातून, घाटावरून आलेल्या. सूत गुंडाळण्याच्या खात्यांत त्या मोठ्या संख्येनं असत. त्यांच्यावर देखरेखीला नायकीण असे, आणि कामावर घेणं-काढणंही बरंचसं तिच्याच हातात असे. बाळंतपण आलं की मजुरी बंद. परत जागा मिळेल याचीही खात्री नाही. त्यामुळे बाई दिवस भरत आले तरी उभी राहून काम करायची, आणि बाळंत झाल्यावर जमेल तितक्या लवकर परत यायची. तान्ह्या बाळाला अफूची बाळगोळी देऊन झोपवायचं आणि गिरणीत जायचं, ही चाल तेव्हा सर्रास होती. आईचं काळीज त्या काळीही तेच होतं. पण चूल पेटायला हवी होती.

१९१९ साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. बाळंतपणात स्त्रीला विश्रांती आणि पैसे दोन्ही मिळावेत असा करार तिथे झाला. हिंदुस्थानी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून आपले ना. म. जोशी तिथे हजर होते. सरकारनं तो करार स्वीकारला नाही. मग जोशींनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात स्वतःच विधेयक आणलं, पण पुढच्या वर्षी ते फेटाळलं गेलं.

दिल्लीत अडलेली गोष्ट मुंबईत पुढे सरकली. मुंबई प्रांताच्या कायदेमंडळात असंच विधेयक आलं आणि जुलै १९२८ मध्ये त्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. त्यांचा युक्तिवाद मला फार मोलाचा वाटतो, कारण त्यांनी थेट खर्चाच्या प्रश्नाला हात घातला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे साऱ्या राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून हा भार मुख्यतः सरकारनं उचलायला हवा, असं त्यांचं मत होतं. पण मालकही यातून सुटत नाही, असं त्यांनी बजावलं. बाईला कामावर ठेवण्यात मालकाचा फायदा असतो म्हणूनच तो तिला ठेवतो. मग थोडा भार त्यानंही उचलावा.

१९२९ साली मुंबईचा कायदा झाला. असा कायदा देशात पहिलाच. दिवसाला आठ आणे मिळायचे, आणि ते मालकानं द्यायचे. पुढच्याच वर्षी मध्य प्रांतानंही असा कायदा केला, तेव्हा विदर्भातल्या बायकांनाही आधार मिळाला. पण सरकारनं भार उचलावा हा मुद्दा मात्र कायद्यात उतरला नाही.

मी वाणिज्य शाखेची, त्यामुळे खर्च कोणत्या खात्यावर पडला हे आधी पाहते. बाई ठेवली तरच येणारा खर्च असेल, तर कंजूष मालक बाईच ठेवणार नाही. पुढच्या काही दशकांत गिरण्यांतल्या बायकांची संख्या घटतच गेली. त्याला नवी यंत्रं, रात्रपाळीवरची बंदी अशी बरीच कारणं होती, पण हा खर्चही त्यांतलं एक होता.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या कलम ४२ मध्ये प्रसूती साहाय्याची जबाबदारी सरकारवर आली. त्याच सुमारास, १९४८ साली, कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. आपण ज्याला ईएसआय म्हणतो तो हाच. यात मालक आणि कामगार दोघंही दर महिन्याला वर्गणी भरतात आणि बाळंतिणीला त्या निधीतून पैसे मिळतात. वर्गणी पुरुष कामगारासाठीही तेवढीच भरावी लागते, म्हणून बाईला टाळून मालकाचा काही फायदा होत नाही. मला ही सगळ्यांत शहाणपणाची व्यवस्था वाटते.

ज्यांना ईएसआय लागू नाही त्यांच्यासाठी १९६१ चा प्रसूती लाभ कायदा आला. बारा आठवड्यांची भरपगारी रजा, खर्च पुन्हा मालकाचा. २००० साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की रोजंदारीवर काम करणाऱ्या बाईलाही हा हक्क आहे. ते प्रकरण दिल्ली महापालिकेतल्या हजेरीपटावरच्या बायकांचं होतं. २०१७ मध्ये रजा पहिल्या दोन मुलांसाठी सव्वीस आठवडे झाली, दत्तक मूल घेणाऱ्या आईला बारा आठवडे मिळाले, आणि पन्नास माणसांच्या आस्थापनेला पाळणाघर सक्तीचं झालं. आपल्या सुना-मुलींना मिळत आलं ते यातूनच. भार मात्र मालकावरच राहिला. त्यातला काही भाग सरकारनं परत करावा असा विचार २०१८ मध्ये पुढे आला होता. आजही मुलाखतीत मुलीला "लग्न कधी करणार?" असं विचारतात, त्याचं मूळ इथेच आहे.

सरकार स्वतः देतं ते प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून. पहिल्या बाळाला ५००० रुपये, आणि दुसरी मुलगी झाली तर ६००० रुपये. ज्यांना नोकरीतून लाभ मिळत नाही त्यांना हा आधार आहे. पण सहा महिन्यांच्या पगारापुढे तो किती, हे आपल्याला कळतं.

आता या सगळ्याच्या बाहेर कोण राहिलं ते पाहू. पाच-सात माणसांच्या दुकानातली मुलगी. घरी शिलाईचं किंवा मणी ओवण्याचं काम आणणारी बाई. आणि आपल्या घरी धुणं-भांडी, पोळ्या करायला येणारी ताई. महाराष्ट्रानं २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला आणि त्यात प्रसूतीसाठी मदतीची सोय ठेवली. पण ती मिळायला नावाची नोंदणी लागते, आणि कित्येकींना अशी नोंदणी असते हेच माहीत नसतं.

इथे मला आपला धर्म आठवतो. अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार आपण लहानपणापासून ऐकतो: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. दिगंबर असो वा श्वेतांबर, दोन्ही परंपरांत हे आहेत आणि प्रतिक्रमणात आपण त्यांची आलोचना करतो. पहिले तीन आपल्या हातून सहसा होत नाहीत. पण आठव्या महिन्यात बाईकडून जड बादल्या उचलून घेणं हे अतिभारारोपणच. आणि बाळंतपणाचे खाडे धरून पगार कापणं म्हणजे नेमक्या त्या दिवसांत तिचं अन्न अडवणं. मुंगीला जपणाऱ्या आपण, आपल्याच उंबऱ्यातल्या बाईला विसरून कसं चालेल?

खर्च परवडत नाही हे काही वेळा खरंही असतं. पण त्याला हिशेबात उत्तर आहे, त्याला तरतूद म्हणतात. कामाच्या ताईला महिना ३००० रुपये देत असाल, तर दर महिन्याला २५० रुपये वेगळे ठेवा. दोन वर्षांत दोन महिन्यांचा पगार साठतो. तिला बाळंतपण आलं तर त्यासाठी, नाही आलं तर तिच्या आजारपणासाठी. चार-पाच घरं मिळून ठरवलं तर तिचं बाळंतपण सुखाचं होईल. तिच्या जागी बदली बाई घेताना "तुझी जागा तुलाच आहे" हे आधीच सांगून ठेवा. तिची घरेलू कामगार म्हणून नोंदणी झाली आहे का ते विचारा, नसेल तर कागदपत्रं जमवायला मदत करा. आणि घरच्या गाळ्यावर ईएसआयची वर्गणी नियमित भरली जाते का, हे यजमानांना एकदा जेवताना विचारा.

बाबासाहेबांनी १९२८ साली मालक आणि सरकार दोघांनाही वाटा उचलायला सांगितलं. आपल्या घरात सरकार येत नाही, तिथे मालकीण आपणच आहोत. या पर्युषणात उपवासाबरोबर एवढी तरतूद सुरू केली, तर तोही तपाचाच भाग समजावा.

जय जिनेंद्र.