मूठभर ज्वारीचा हिशेब



गावात सप्ताह बसला की वर्गणी निघते. आमच्याकडं घरटी पाचशे रुपये. वीस एकरवाल्यालाही पाचशे, रोजानं जाणारीलाही पाचशे. ज्याची पंगत, त्याचं नाव भोंग्यावर. मागच्या साली आमच्या गटातल्या एका बाईला काम नव्हतं, पैसे देणं झालं नाही. पण सातही दिवस ती पहाटेच येऊन पोळ्या लाटत होती. वर्गणीच्या वहीत तिच्या नावापुढं लिहिलं, 'बाकी'. आम्हाला ते फार लागलं. म्हणून आज दानाचा जुना हिशेब काढू.

औंढा नागनाथ १९९९ पर्यंत आपल्याच परभणी जिल्ह्यात होतं, मग हिंगोली जिल्हा वेगळा झाला. त्या देवळाच्या जीर्णोद्धाराशी अहिल्याबाई होळकरांचं नाव जोडलेलं आहे. त्यांनी १७६७ ते १७९५ कारभार पाहिला. देवळं, घाट, विहिरी, धर्मशाळा यांवर त्यांनी खासगीतला, म्हणजे स्वतःच्या उत्पन्नातला पैसा लावला. मोठ्या घरचं दान असं दगडात राहतं, नावानिशी राहतं. ते दगड घडवणाऱ्यांची नावं मात्र आपल्याला कुणी सांगत नाही.

आता दुसरं दान बघा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू झालं. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत जेवायची. पोरांना खायला कमी पडलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. १९३० साली त्या गेल्या. संस्थेनं मुष्टिफंडही चालवला: घरच्या धान्यातून मूठभर बाजूला काढायचं. मूठ सगळ्यांना परवडते. अशा मुठीमुठीवर गरिबांची पोरं शिकली. कुणाची मूठ किती, हे कुठल्या शिळेवर कोरलेलं नाही.

आपल्या मुसलमान शेजारणींच्या घरी जकातीची रीत आहे. ठरावीक मालमत्तेच्या वर ज्याच्याकडं असेल, त्यानं वर्षभर साठलेल्यातला चाळिसावा हिस्सा द्यायचा. शंभराला अडीच रुपये. ज्याच्याकडं तेवढं नाही, त्याच्यावर जकात लागूच नाही. उलट गरिबाचा तिच्यावर हक्क असतो. म्हणजे ऐपत बघून दान, ही काही नवी गोष्ट नाही.

मग आपली घरटी वर्गणी सारखी दिसते, पण सारखी आहे का? मोठ्या बागायतदाराचे पाचशे खिशातून जातात. मजूर बाईचे पाचशे पोराच्या ताटातून जातात. आणि सात दिवसांचं पोळ्या लाटणं? तेवढ्याला आचारी लावला असता तर पैसे मोजावे लागलेच असते की नाही?

आम्ही गटात बसून ठरवलं आणि सप्ताहाच्या मंडळींपुढं मांडलं: वर्गणी जमिनीप्रमाणे लावा, आणि वहीत तीन रकाने करा. पैसा, धान्य, कष्ट. थोडी कुरकुर झाली. एक जण म्हणाले, "कष्टाचं काय लिहायचं?" आमच्यातली एक म्हातारी म्हणाली, "जेवताना काय खाल्लं, ते लिहा."

रकाने आखले गेलेत. जमिनीप्रमाणे वर्गणीचं अजून ठरायचंय, ते आम्ही सोडणार नाही. तुमच्या गावच्या वहीत किती रकाने आहेत, एकदा उघडून बघा.