फडातला पंच आणि फडाबाहेरचे वस्ताद

परळी वैजनाथला महाशिवरात्रीची यात्रा भरते, आणि मराठवाड्यात यात्रा म्हटली की कुस्तीचा फड आठवतोच. सुरुवात पोरांच्या कुस्त्यांनी. बक्षीस रेवड्यांचं नाहीतर नारळाचं; पण पोरामागे बाप, चुलते आणि अख्खी तालीम उभी. वाद पेटतो तो इथेच.

जुन्या मातीतल्या कुस्तीला ना गुण होते, ना घड्याळ. पाठ लागली तर चीतपट, नाहीतर बरोबरीत सोडायची. दोन्ही खांदे टेकले का, एवढ्या एका प्रश्नावर सगळा निकाल. तो देणारा फेटेवाला पंच बहुधा जुनाच पैलवान असे. त्याच्या हातात नियमांचं पुस्तक नव्हतं, वजन होतं ते नावाला. हौद्यात घुसलेल्या वस्तादाला दंड धरून बाहेर काढण्याइतकी ज्याची पत, त्याचाच निकाल टिके.

१९५३ साली महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन झाली, १९६१ साली औरंगाबादला पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा रंगली. पुढे गादी आली आणि तिच्यामागून आंतरराष्ट्रीय नियम. निकालाला आता एकाऐवजी तीन पंच. वस्तादाच्या रागालाही वाट मिळाली: निर्णय पटला नाही तर त्याने स्पंजचा तुकडा गादीवर टाकायचा, मग पंच व्हिडिओ पाहतात. दावा फोल ठरला तर गुण प्रतिस्पर्ध्याला! गुरूच्या संतापाची किंमत शिष्याने मोजायची, हे मोठं शहाणपणाचं. त्यावरही कोणी आवरला नाही तर पिवळं कार्ड, मग लाल.

तरी २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये मंगोलियाच्या दोन प्रशिक्षकांनी निषेध म्हणून गादीवरच कपडे उतरवले. त्यांच्यावर तीन वर्षांची बंदी आली. टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताचा पैलवान दीपक पुनियाचे परदेशी प्रशिक्षक मुराद गैदारोव यांनी तर पंचावर हात टाकला आणि नोकरी गमावली.

२ फेब्रुवारी २०२५ला अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत पृथ्वीराज मोहोळकडून हरलेल्या शिवराज राक्षेने पंचाला लाथ मारली. पाठ टेकलीच नव्हती, हा त्याचा दावा. म्हणजे वाद तोच, रेवडीवरच्या कुस्तीतला. अंतिम लढतीत महेंद्र गायकवाडही पंचांशी वाद घालून निघून गेला. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर संघाने दोघांना तीन वर्षांसाठी निलंबित केलं.

पैलवानाला शिक्षा झाली, प्रशिक्षकाला कार्ड आहे. उरतो तो भोवतीचा जमाव. पोरांच्या कुस्त्या लावणाऱ्या यात्रा समित्यांनी यंदा इनामाच्या रकमेआधी दोन गोष्टी ठरवाव्यात: हौद्याभोवती दोर, आणि कोणी आत आलं तर कुस्ती जागीच थांबवण्याचा पंचाचा अधिकार.