आडनावावर चिकटवलेली लेबले

बरणीवर लेबल लावतात ते आत काय आहे हे कळावे म्हणून. माणसाला लावलेल्या लेबलाचे तसे नसते. ते कोणी लावले आणि कशासाठी लावले, यावर त्याचा अर्थ ठरतो. आम्हा मराठी मुसलमानांच्या आडनावांचा इतिहास याचीच साक्ष देतो.

गावगाड्यात ही लेबले कामाची होती. सुगंधी तेले विकणारा अत्तार, विड्याची पाने विकणारा तांबोळी, फळफळावळ विकणारा बागवान, कापूस पिंजणारा पिंजारी, हत्यारांना धार लावणारा शिकलगार. मुलाणी गावासाठी बकरे हलाल करी आणि आपला वाटा घेई. यातला अत्तार शब्द अरबी, बागवान फारसी. तांबोळी मात्र संस्कृत तांबूलातून आला आणि पिंजारी आपल्या पिंजण्यातून. उलट फडणीस, चिटणीस, पारसनीस या हिंदू घराण्यांच्या आडनावांतला ‘नीस’ म्हणजे फारसी ‘नवीस’, लिहिणारा. देशमुख, पाटील, इनामदार तर दोन्हीकडे आहेत. आडनाव माणसाचे काम सांगत होते, धर्म नव्हे.

इंग्रजांची जनगणना १८७२ साली सुरू झाली आणि या लेबलांना रकाना मिळाला. मुंबई इलाख्यातील जातिजमातींची नोंद करणारे एंथोवेन यांचे तीन खंड १९२० ते १९२२ या काळात निघाले. जे नाव गावात ओळखीचे होते, ते आता सरकारी दफ्तरात प्रतवारीचे झाले. प्रतवारी आपल्या समाजातही होतीच. सय्यद, शेख, मोगल, पठाण हे अश्रफ, बाकीचे खालचे. इस्लामला जात मान्य नाही असे सभेत सांगितले जाते आणि सोयरीक जुळवताना बिरादरी विचारली जाते, ही विसंगती जुनीच आहे.

म्हणून अनेकांनी लेबल बदलले. गाव सोडून शहरात आलेल्या कित्येक कुटुंबांनी शाळेत मुलांच्या नावापुढे नुसते ‘शेख’ लावले. विणकरांनी ‘जुलाहा’ हा हिणवण्याचा झालेला शब्द टाकून ‘मोमीन’ आणि ‘अन्सारी’ ही नावे घेतली. मालेगाव-भिवंडीच्या मागांवर आज हीच नावे ऐकू येतात. यात लपवाछपवी पाहणे अन्यायाचे होईल. अपमान चिकटलेले नाव टाकून देणे हा माणसाचा हक्कच आहे.

पण काळाने वेगळाच पेच टाकला. मंडल आयोगाने १९८० साली अहवाल दिला, १९९० साली त्याच्या अंमलबजावणीची घोषणा झाली, आणि टाकून दिलेले लेबल हक्काचे साधन बनले. महाराष्ट्रात इतर मागासवर्गीयांच्या यादीत अत्तार, बागवान, तांबोळी, पिंजारी, मुलाणी आहेत. मात्र दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ हा मानीव दिनांक आहे. त्याआधीचा कागद लागतो. आजोबांचा शाळेचा दाखला काढावा, तर जातीच्या रकान्यात ‘मुसलमान’ आणि आडनाव ‘शेख’. आजोबांनी आयुष्यभर कापूस पिंजला हे गावाला ठाऊक असते, पण गावाची आठवण कागद म्हणून चालत नाही. नातवाचा कॉलेजप्रवेश तिथे अडतो.

अनुसूचित जातींबाबत तर धर्माचे लेबलच आड येते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ही सवलत हिंदूंपुरती ठेवली. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना तिच्यात घेतले गेले. मुसलमान आणि ख्रिस्ती अजूनही बाहेर आहेत. जणू धर्म बदलला की गावाची वागणूकही बदलते!

जनगणनेतली सर्व जातींची मोजणी १९३१ नंतर थांबली होती. ती पुन्हा करण्याचा निर्णय केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केला. त्या नोंदीत आम्ही नुसते ‘मुसलमान’ उरलो, तर पिंजाऱ्याचे आणि इनामदाराचे दारिद्र्य एकाच मापाने मोजले जाईल, म्हणजे मोजलेच जाणार नाही. जुने नाव सांगण्यात कमीपणा नाही. त्या नावामागे आमच्या वाडवडिलांचे कष्ट आहेत. सरकारी कागदावर ते ठासून लिहावे. मात्र सोयरीक जुळवताना त्याच नावावरून कुणाचे दार बंद होणार असेल, तर ते लेबल आम्ही आमच्या हाताने काढून टाकले पाहिजे.