घाटावरचा हिरा: लेथवर खडा कसा धरतात, मध्य कसा काढतात?

भेस्तान (सुरत) : उधना आणि सचिन स्थानकांच्या मधलं भेस्तान नंदुरबार, धुळे, जळगावकडच्या कुटुंबांना परकं नाही. या पट्ट्यात काम म्हटलं की आधी लूम आणि मिल आठवते. पण सचिनच्या सेझमध्ये हिऱ्याचे कारखानेही आहेत आणि 17 डिसेंबर 2023 रोजी उद्घाटन झालेलं सुरत डायमंड बोर्स खजोदला, म्हणजे जवळच आहे. हिऱ्याच्या कामातला सगळ्यात नाजूक टप्पा म्हणजे ‘घाट’. हा नदीचा घाट नव्हे, खड्याला आकार देण्याचं काम.

घाट म्हणजे काय?
कच्चा हिरा लेथवर फिरवून त्याची कड गोल करतात. मोस मापनात हिऱ्याची कठीणता 10, म्हणून त्याला घासायला दुसरा हिराच लागतो. जुन्या पद्धतीत एक खडा लेथवर फिरतो आणि दुसरा लांब दांड्याच्या टोकाला बसवून कारागीर त्यावर दाबतो. नव्या यंत्रांत दोन्ही खडे फिरत एकमेकांना घासतात.

धरायचा कसा?
लेथच्या चकमध्ये खडा थेट आवळत नाहीत. हिरा कठीण असला तरी ठरावीक दिशांना सहज चिरतो. जबड्याचा दाब एका बिंदूवर आला तर दोन तुकडे होऊ शकतात. त्यामुळे खडा आधी छोट्या होल्डरच्या तोंडावर लाखेने किंवा तशाच चिकट मसाल्याने बसवतात आणि होल्डर चकमध्ये धरतात. घासताना खडा तापतो. लाख मऊ झाली की तो सरकतो आणि काढलेला मध्य बिघडतो. म्हणून दाब हळूहळू द्यावा लागतो.

मध्य कसा काढतात?
इथे दोन चुका होतात. पहिली म्हणजे खडा बाजूला सरकलेला असणं, दुसरी म्हणजे तिरका बसणं. खडा तिरका असेल तर टेबल (वरचा सपाट पैलू) फिरण्याच्या अक्षाला काटकोनात राहत नाही आणि कंबर वाकडी उतरते.

कारागीर होल्डर हळू फिरवून भिंगातून किंवा पडद्यावर कड बघतो. अर्ध्या फेरीत कड जितकी हललेली दिसते, त्याच्या निम्मंच खड्याला सरकवायचं असतं. नवशिके पूर्ण सरकवतात आणि चूक उलट बाजूला जाते. शिवाय मध्य ओबडधोबड खड्याचा नसतो. आतले डाग टाळून आखलेल्या वर्तुळाचा मध्य धरायचा असतो.

0.1 मिमीची किंमत
1 कॅरेटचा (200 मिलिग्रॅम) गोल हिरा साधारण 6.5 मिमी व्यासाचा असतो. मध्य 0.1 मिमी चुकला तर कड गोल होईपर्यंत व्यास 6.3 मिमीवर येतो. वजन व्यासाच्या घनाप्रमाणे घटतं, म्हणून प्रमाण तेच राखलं तर हिरा सुमारे 0.91 कॅरेटचा उरतो. 9 टक्के वजन तर जातंच, वर 1 कॅरेटच्या खाली उतरल्यामुळे प्रति कॅरेट भावही पडतो.

घाई करून जास्त दाब दिला तर कमरेभोवती केसासारख्या बारीक तडा जातात. जगभरच्या व्यापारात याला ‘दाढी’ म्हणतात. ती काढायला पुन्हा वजन घालवावं लागतं.

सिलिकॉनचंही तसंच
चिपसाठी वाढवलेला सिलिकॉनचा दंडगोल, म्हणजे इंगट, हासुद्धा असाच अक्षावर धरून ठरलेल्या व्यासापर्यंत घासतात. तो मुद्दाम थोडा जाड वाढवलेला असतो. स्फटिकाची दिशा क्ष-किरणांनी तपासून कडेला खाच किंवा सपाट खूण करतात. हिऱ्यातही घासण्याची सोपी आणि अवघड दिशा असते. तिथे ती कारागिराच्या हाताला कळते.

नव्याने कामाला लागणाऱ्यांसाठी
- खडा बसवल्यावर लाख पूर्ण थंड होऊ द्यावी.
- आधी तिरकेपणा काढावा, मग मध्य. शेवटी दोन्ही पुन्हा बघावं.
- थोडं घासून यंत्र थांबवावं आणि मध्य परत तपासावा.
- डोळ्यांवर चष्मा हवाच.

बऱ्याच कारखान्यांत मजुरी नगावर मिळते, त्यामुळे हात घाईला येतो. पण हिऱ्याचं गेलेलं वजन परत येत नाही. मध्य तपासण्यात गेलेली दोन मिनिटं वाया जात नाहीत, हे घाटावर पहिल्या दिवशीच शिकून घ्यावं.