‘अराजक’ ही संज्ञा आणि ध्वजाचा वारसा

एखादी राजकीय संज्ञा कोणत्या वाटेने भाषेत आली, यावर तिच्या अर्थाच्या मर्यादा बऱ्याच अंशी ठरतात. ‘अराजक’ हा शब्द मराठीला परंपरेने मिळालेला आहे. वाल्मीकिरामायणाच्या अयोध्याकांडात दशरथाच्या मृत्यूनंतर अराजक जनपदाचे वर्णन येते. राजा नसेल तेथे पाऊस, शेती, व्यापार यांपैकी काहीच सुरळीत चालत नाही, असा त्याचा आशय. ‘अनार्किझम’ या युरोपीय विचाराला आपण प्रतिशब्द दिला तेव्हा हे जुने भय त्याच्या अर्थात शिरलेच. शिवाय सरकारी फिर्यादीच्या भाषेचीही त्यात भर पडली. परिणामी अराजकवाद आपल्याला एक विचार म्हणून भेटण्याआधी एक आरोप म्हणून भेटला. हा आरोप ज्यांच्यावर आला अशा दोन स्थलांतरित स्त्रिया, भिकाजी कामा आणि एमा गोल्डमन, यांची चरित्रे शेजारी ठेवून या संज्ञेची तपासणी करणे आणि १९३० च्या सोलापूरच्या अनुभवावर ती पारखून पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१८८५ हे वर्ष दोघींच्याही आयुष्यात महत्त्वाचे. त्या वर्षी मुंबईच्या सधन पारशी कुटुंबातील भिकाजी पटेल यांचा रुस्तुम कामा यांच्याशी विवाह झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस रशियन साम्राज्यातील कोव्हनो येथे जन्मलेली सोळा वर्षांची ज्यू मुलगी, एमा गोल्डमन, अमेरिकेला पोचली आणि रॉचेस्टरच्या कपड्यांच्या कारखान्यात शिवणकामाला लागली. कामा मुंबईच्या प्लेगमध्ये रुग्णसेवा करून स्वतः आजारी पडल्या, १९०२ मध्ये लंडनला गेल्या आणि पुढे पॅरिसला स्थायिक झाल्या. एकीचे स्थलांतर उपजीविकेसाठी, दुसरीचे प्रकृतीसाठी. दोघींच्या बाबतीत मात्र त्याची परिणती हद्दपारीत झाली.

ऑगस्ट १९०७ मधील एक योगायोग येथे लक्षात घेण्याजोगा आहे. जर्मनीतील श्टुटगार्ट येथे आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेत २२ ऑगस्टला कामांनी हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याची मागणी मांडली आणि देवनागरीत ‘वंदे मातरम्’ लिहिलेला तिरंगी ध्वज फडकवला. ही परिषद संपत असतानाच अ‍ॅमस्टरडॅम येथे आंतरराष्ट्रीय अराजकवादी परिषद सुरू झाली आणि तिला गोल्डमन उपस्थित होत्या. संघटना आणि व्यक्तिस्वातंत्र्य यांत मूलतः विरोध नाही, स्वेच्छेने उभी राहिलेली संघटना व्यक्तीला समर्थच करते, ही भूमिका त्या व त्यांचे सहकारी मॅक्स बागिन्स्की यांनी तेथे मांडली. एकाच आठवड्यात एक स्त्री नसलेल्या राष्ट्राला ध्वज देत होती, तर दुसरी राष्ट्र व राज्यसंस्था यांच्यापलीकडील सहजीवनाची कल्पना मांडत होती. वैचारिकदृष्ट्या या भूमिका परस्परांपासून दूर आहेत. तरीही साम्राज्याच्या शब्दकोशात दोघींसाठी एकच शब्द होता.

हा शब्दव्यवहार मराठीत पहिल्यांदा उघडपणे तपासला गेला तो १९०८ मध्ये. मुझफ्फरपूरच्या बाँबस्फोटानंतर ‘केसरी’च्या अग्रलेखांत टिळकांनी युरोपातील अराजकवादी आणि बंगालमधील बाँबवाले यांत फरक केला: बंगाली तरुणांच्या कृत्याच्या मुळाशी समाजव्यवस्थेचा द्वेष नसून देशाभिमानाचा अतिरेक आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. या अग्रलेखांवरील खटल्यात मराठी शब्दांच्या इंग्रजी भाषांतराचा प्रश्न त्यांनी सविस्तर उपस्थित केला. शिक्षा सहा वर्षांची झाली. टिळकांचा भेद अचूक होता. पण त्याची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. क्रांतिकारकांना ‘अराजकवादी’ या आरोपातून सोडवताना अराजकवाद म्हणजे निव्वळ विध्वंस, हा सरकारचा अर्थ मात्र तसाच राहिला. १९१९ च्या रौलट कायद्याच्या अधिकृत नावातच ‘अराजकी व क्रांतिकारी गुन्हे’ असे शब्द आले. त्याच वर्षाच्या २१ डिसेंबरला अमेरिकेने गोल्डमन यांच्यासह २४९ जणांना ‘ब्यूफर्ड’ या जहाजातून रशियाकडे रवाना केले.

गोल्डमन यांच्या हद्दपारीमागील कायदेशीर युक्ती स्त्रीच्या इतिहासाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. त्यांचे नागरिकत्व पतीच्या नागरिकत्वावर अवलंबून होते. सरकारने दुरावलेल्या पतीचेच नागरिकत्व रद्द करवून त्यांचा आधार काढून घेतला. विवाहसंस्थेवर कठोर टीका करणाऱ्या या स्त्रीला पुढे १९२५ मध्ये ब्रिटिश पारपत्रासाठी जेम्स कोल्टन या वेल्श खाणकामगाराशी नाममात्र विवाह करावा लागला. रशियात क्रांतीनंतरची दडपशाही, विशेषतः १९२१ चे क्रोनस्टाट, पाहून त्यांनी तो देशही सोडला. १९३४ मध्ये अमेरिकेने त्यांना नव्वद दिवसांचा, अटींनी बांधलेला प्रवेश दिला. कामांनाही १९३५ मध्ये, राजकारणात भाग न घेण्याची हमी लिहून दिल्यावरच, मुंबईला परतता आले. ऑगस्ट १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले. गोल्डमन १९४० मध्ये टोरांटोत वारल्या आणि मृत्यूनंतरच शिकागोच्या भूमीत त्यांना जागा मिळाली.

या दोन टोकांमधील दुवा म्हणजे एम. पी. टी. आचार्य. पॅरिसमधील भारतीय क्रांतिकारकांच्या वर्तुळात वावरलेले आचार्य १९२० मध्ये ताश्कंदला स्थापन झालेल्या कम्युनिस्ट पक्षात होते. तेथून बाहेर पडून ते खऱ्या अर्थाने अराजकवादी झाले आणि १९५४ मध्ये मुंबईतच वारले. हा विचार आपल्याकडे कोणी आणलाच नाही, असे म्हणण्याची सोय त्यामुळे उरत नाही.

आता सोलापूर. गांधींच्या अटकेनंतर ८ मे १९३० रोजी येथे गोळीबार झाला. मंगळवार पेठेतील पोलीस चौकी जाळली गेली, पोलीस मारले गेले, आणि पुढचे तीन-चार दिवस शहरात ब्रिटिश सत्ता व्यवहारतः नव्हती. १२ मे रोजी लष्करी कायदा लागू झाला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आली. सरकारच्या दृष्टीने ते दिवस अराजकाचे होते. परंतु त्याच दिवसांत स्वयंसेवक रहदारीचे नियमन करीत होते. मराठी, कन्नड, तेलुगू बोलणाऱ्या, बाहेरून पोटासाठी आलेल्या गिरणी कामगारांच्या या शहरात हिंसा आणि स्वयंशासन शेजारी शेजारी घडले. यांतील हिंसा तेवढी ‘अराजक’ या शब्दात मावते. राजाविना चाललेल्या व्यवस्थेला आपल्याकडे नावच नाही. आणि म्हणूनच आपली इतिहासलेखनपद्धती ते दिवस केवळ राष्ट्रध्वजाच्या गौरवकथेत समाविष्ट करते.

कामांच्या स्मृतीचेही असेच झाले. इंदुलाल याज्ञिकांनी भारतात आणलेला त्यांचा ध्वज पुण्याच्या केसरीवाड्यात जपला गेला. १९६२ मध्ये त्यांच्या नावे टपाल तिकीट निघाले. ध्वज राष्ट्राला सामावून घेता येतो. तीन दशकांहून अधिक काळचे परदेशातील एकाकीपण, पोलिसांची पाळत आणि लिहून द्यावी लागलेली हमी हे राष्ट्राला सहजी पचत नाही. गोल्डमन यांचे तर प्रतीकही नाही. १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेले विस्तृत आत्मचरित्र हाच त्यांचा वारसा. राज्यसंस्थेने काढून घेतलेले नाव त्यांनी त्या संहितेत स्वतः प्रस्थापित केले. ध्वज पाहता येतो, संहिता वाचावी लागते. ‘अराजक’ या शब्दातून फिर्यादीची भाषा वजा केल्याशिवाय मराठीत हे वाचन सुरू होणार नाही. आणि ते सुरू झाले नाही तर सोलापूरच्या त्या तीन-चार दिवसांचा अर्थही आपल्याला अर्धाच कळेल.